साखळी विक्री आणि स्वतःचा धंदा : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या पट्ट्यातून साखळी विक्री (नेटवर्क मार्केटिंग) करावी की स्वतःचा धंदा, या एकाच विषयावर सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत गृहिणी सर्वाधिक आहेत, त्याखालोखाल नुकतेच पदवीधर झालेले तरुण आणि छोटे दुकानदार. सोपे प्रश्न आधी व गुंतागुंतीचे नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतील रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत.

१. दुकानदारही माल विकतो आणि नेटवर्क मार्केटिंगवालाही माल विकतो. मग फरक कसला?

पैसा कोणाकडून येतो, यात फरक आहे. गोकाकमध्ये करदंट करून विकणाऱ्याचा नफा करदंट खाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून येतो. त्या गिऱ्हाइकाने आणखी चार विक्रेते आणून द्यावेत, अशी त्या धंद्याची गरज नसते. उलट शेजारी दुसरा करदंटवाला उभा राहिला, तर पहिल्याच्या कपाळाला आठी पडते. साखळी विक्रीत मात्र नवा विक्रेता आला की जुना विक्रेता पेढे वाटतो, कारण नव्याच्या खरेदीतला हिस्सा त्याच्या खात्यावर जमा होणार असतो. ज्या व्यवसायात प्रतिस्पर्धी वाढल्याचा आनंद होतो, तेथे कमाई मालावर होत आहे की माणसांवर, हे तपासून पाहणे भाग आहे.

दुसरा फरक मालकीचा आहे. स्वतःच्या धंद्यात नाव, दर, माल कोठून घ्यायचा हा निर्णय आणि गिऱ्हाइकांची वही या चारही गोष्टी मालकाच्या हातात असतात. साखळीतील विक्रेत्याला ‘स्वतःच्या व्यवसायाचा मालक’ म्हटले जाते खरे, पण दर कंपनी ठरवते, कमिशनचा तक्ता कंपनी बदलते आणि आयडी (विक्रेत्याचा सभासद क्रमांक) बंद करण्याचा अधिकारही कंपनीकडेच राहतो. असा मालक उद्या आपला धंदा कोणाला विकू शकत नाही आणि बहुतेक वेळा मुलाच्या हाती सोपवूही शकत नाही.

२. थेट विक्री, नेटवर्क मार्केटिंग आणि पिरॅमिड योजना हे सगळे एकच का?

एकच नाही, आणि हा गोंधळ योजनावाल्यांच्या पथ्यावर पडतो. थेट विक्री म्हणजे कायमच्या दुकानाशिवाय, विक्रेत्यांच्या जाळ्यातून माल किंवा सेवा विकणे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तिची व्याख्या आहे आणि ती कायदेशीर आहे. बहुस्तरीय किंवा नेटवर्क मार्केटिंग हा थेट विक्रीचाच एक प्रकार असून त्यात विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीबरोबरच त्याने जोडलेल्या माणसांच्या विक्रीवरही कमिशन मिळते. पिरॅमिड योजनेत लाभ मुख्यतः नव्या सभासदांच्या भरतीतून येतो, आणि तिला बंदी आहे.

बंदी दोन ठिकाणी आहे. बक्षीस चिठ्ठी व धनपरिचलन योजना (बंदी) अधिनियम, १९७८ हा जुना कायदा सभासद जोडण्याच्या बदल्यात पैसा देण्याचे आश्वासन देणाऱ्या योजनांना लागू होतो. २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनीही थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड किंवा धनपरिचलन योजना चालवण्यास आणि त्यांत सहभागी होण्यास मनाई केली आहे. त्यामुळे ‘सरकारने नेटवर्क मार्केटिंगला मान्यता दिली’ हे सेमिनारमधले वाक्य अर्धेच खरे आहे. सरकारने थेट विक्रीला नियम घालून दिले. समोरच्या योजनेला प्रमाणपत्र दिलेले नाही.

कायदेशीर बाजूला असणारी योजना फायद्याची असतेच असेही नाही. कायदा आणि नफा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नफ्याचा हिशेब प्रश्न ३ आणि ४ मध्ये आहे.

३. ‘फक्त पाच माणसे जोडा, ती पाच-पाच जोडतील’ असे सांगतात. यात चूक कोठे आहे?

गुणाकारातच ती आहे. पाचांचे पंचवीस, पंचवीसांचे १२५, मग ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५, ३,९०,६२५ आणि नवव्या पायरीला १९,५३,१२५ माणसे लागतात. दहाव्या पायरीला ९७,६५,६२५ लागतील. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, आणि त्यात पाळण्यातली मुलेही मोजली आहेत.

हा हिशेब मांडला की योजनावाले म्हणतात, ‘इतके कोणी जोडतच नाही, तेव्हा घाबरू नका.’ ते खरे आहे. पण मग फळ्यावर दाखवलेले उत्पन्नही कोणाला मिळत नाही. शिवाय जागा संपण्याची वाट पाहावी लागत नाही. योजना अगदी ठरल्याप्रमाणे चालली आणि पाचव्या पायरीपर्यंत पोहोचली, असे धरू. तिच्यात ३,९०६ माणसे असतील आणि त्यांपैकी ३,१२५ सर्वांत खालच्या थरात असतील. म्हणजे सुमारे ८० टक्के लोकांच्या खाली कोणीही नसते. पुढची पायरी भरली तरी प्रमाण तेवढेच राहते. फक्त रिकाम्या हातांची माणसे बदलतात. प्रत्येकाने दोघांना जोडण्याच्या ‘बायनरी’ योजनेत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. अशा वेळी तोटा होतो तो आळशीपणामुळे होत नाही, योजनेच्या आकारामुळे होतो. ‘ज्याने मेहनत केली नाही तोच बुडाला’ हे समर्थन म्हणूनच टिकत नाही.

४. पंधरा हजारांत सुरुवात होते आणि तोटा होण्याचा प्रश्नच नाही, असे जाऊबाई म्हणतात. एवढ्या पैशात दुसरा कोणता धंदा होतो?

पंधरा हजारांहून कमी रकमेतही धंदा होतो. दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच कागदावर मांडून पाहू.

एका बाईने संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून, डंकावर कुटून घेऊन दहा किलो कांदा-लसूण मसाला केला. मिरची, खोबरे, तेल, कुटणावळ, पिशव्या आणि लेबल धरून ४,२०० रुपये खर्च आला. ६०० रुपये किलोने सगळा खपला, तर ६,००० येतील आणि १,८०० उरतील. सातच किलो खपला, तर ४,२०० परत येतील, कमाई शून्य होईल आणि तीन किलो मसाला घरात राहील. तो पुढच्या महिन्यात विकता येतो किंवा घरच्या आमटीत संपतो. या हिशेबात तिने स्वतःची मजुरी धरलेली नाही, आणि ती धरायला हवी. घरगुती धंद्यांचा खरा दोष तोच आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

दुसऱ्या बाईने १५,००० रुपये भरून आयडी लावली. तिला वीस टक्के सवलतीत माल मिळाला, म्हणजे छापील किमतीने तो १८,७५० रुपयांचा झाला. सगळा माल छापील किमतीला खपला तर ३,७५० रुपये सुटतील. पण प्रथिनांच्या पावडरीचा डबा बाजारपेठेत स्वस्त मिळत असेल, तर शेजारीण तो छापील किमतीला कशाला घेईल? वर आयडी चालू राहावी म्हणून दरमहा २,००० रुपयांची खरेदी लागते. आता योजनेतली दुसरी ओळ पाहा : नवी व्यक्ती १५,००० च्या पॅकेजवर आणली की १,५०० रुपये मिळतात. माल विकून १,५०० कमवायचे तर छापील किमतीचा ७,५०० रुपयांचा माल खपवावा लागतो. एक नणंद राजी झाली की तेवढेच पैसे एका संध्याकाळी मिळतात. कोणताही शहाणा माणूस दुसऱ्या वाटेने जाईल. ती बाई लोभी आहे म्हणून हे घडते असे नाही. तक्ता तसा आखलेला आहे.

‘तोटा नाही’ या म्हणण्यातही तथ्य नाही. पलंगाखाली पडून असलेल्या डब्यांवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते, आणि त्या तारखेनंतर ते ना विकता येतात ना परत करता येतात.

५. कंपनी रजिस्टर आहे, जीएसटी नंबर आहे, मोठे ऑफिस आहे. तरीही शंका घ्यायची का?

घ्यावी. कंपनीची नोंदणी म्हणजे त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे एवढाच दाखला. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. योजना तपासून तो दिला जात नाही. हॉटेलच्या सभागृहातील कार्यक्रम, मोटारीची चावी स्वीकारतानाचे फोटो आणि मंत्र्यांबरोबरची छायाचित्रे यांतूनही योजनेबद्दल काहीच कळत नाही. तपासायचा असतो तो कमिशनचा तक्ता आणि लेखी करार.

६. ‘प्लॅन दाखवायला’ घरी येतो म्हणाले आहेत. त्यांना काय विचारावे?

पहिला प्रश्न असा विचारावा : आयडी न लावता हाच माल याच दरात विकत घेणारी तुमची किती गिऱ्हाइके आहेत, आणि त्यांपैकी दोघांशी मला बोलता येईल का? या प्रश्नावर जे उत्तर येते किंवा येत नाही, त्यातच बहुतेक वेळा निकाल लागतो.

त्यानंतर लेखी करार मागावा, कारण २०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याशी आधी लेखी करार करणे कंपनीवर बंधनकारक आहे. करार इंग्रजीत असेल आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर वाचून घेईपर्यंत सही करू नये. न विकलेला माल कंपनी परत घेते का, किती दिवसांत आणि किती कपात करून, हे कलम बोट ठेवून दाखवायला सांगावे. करारातून दंडाविना माघार घेण्याची मुदत किती, तेही पाहावे. प्रवेश शुल्क किंवा प्रात्यक्षिकाच्या साहित्याची सक्तीची किंमत मागितली, तर बोलणे तेथेच थांबवावे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासूनच ते थेट विक्रीच्या चौकटीबाहेर आहे. ‘तुम्ही घ्या, चार जणांना घ्यायला लावा, तुमचे पैसे वसूल’ अशा वचनावर माल विकण्यालाही २०२१ च्या नियमांत मनाई आहे.

येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र असले पाहिजे आणि त्याने आधी वेळ घेतलेली असली पाहिजे. ओळखीच्याच माणसाकडे ओळखपत्र मागणे अवघड जाते, हे मान्य आहे. तो मुद्दा प्रश्न ७ मध्ये घेतला आहे.

७. विचारणारी माणसे नात्यातलीच असतात. नाही कसे म्हणायचे?

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वाधिक आहे आणि तो आपल्या भागात जरा जास्तच टोचतो. येथे एकाच घरची माणसे दोन-तीन राज्यांत वाटलेली असतात. बाईचे सासर बेळगावला, माहेर गडहिंग्लज किंवा चंदगडला, धाकटी बहीण गोव्यात, आणि मामेभाऊ कोल्हापुरात कामाला. लग्न, बारसे, जत्रा, हळदीकुंकू या निमित्तांनी जपलेले हे जाळे पिढ्यांचे आहे. साखळी योजनेला गाव नवे हवे असते आणि विश्वास जुना. सीमाभागातली नाती तिला दोन्ही मिळवून देतात. सेमिनारमध्ये पहिल्याच दिवशी ‘तुमच्या ओळखीच्या शंभर जणांची यादी करा’ असे सांगितले जाते, ते याचसाठी. योजना बंद पडते तेव्हा कंपनीचे ऑफिस दुसऱ्या शहरात जाते. यादीतली माणसे मात्र पुढच्या जत्रेला समोर येणारच असतात.

नकार देताना माल आणि आयडी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ‘वहिनी, साबण चांगला आहे, मला लागेल तेव्हा तुमच्याकडूनच घेईन. आयडी मात्र लावणार नाही, आणि तेवढे सोडून बाकी काहीही सांगा,’ एवढे स्पष्ट व गोड बोलले की पुरते. ‘बघते, यांना विचारते’ असे म्हणू नये. नेटवर्कच्या प्रशिक्षणात त्या उत्तराला होकाराची पहिली पायरी समजतात, आणि पुढच्या आठवड्यात वहिनींबरोबर त्यांची अपलाइनही, म्हणजे त्यांना जोडणारी वरच्या थरातली विक्रेतीही, घरी येते. आयडीशिवाय माल द्यायला वहिनीच नाखूश दिसल्या, तर प्रश्न ६ मधील पहिल्या शंकेचे उत्तर न विचारताच मिळाले, असे समजावे.

८. भिशी, चिट फंड आणि महिला स्वसहाय्य संघ हीसुद्धा साखळीच नाही का?

नाही. भिशीत ठरावीक माणसे ठरावीक रक्कम घालतात आणि प्रत्येकाला आळीपाळीने ती मिळते. नवी माणसे आली नाहीत तरी फेरा पूर्ण होतो. साखळीत फेरा कधीच पूर्ण होत नाही. भिशीतला धोका वेगळा असतो : भिशी चालवणारा पळून जातो किंवा आधी रक्कम उचललेला पुढे पैसे भरत नाही. चिट फंडाला चिट फंड अधिनियम, १९८२ लागू होतो आणि त्याची नोंदणी राज्याच्या चिट निबंधकाकडे व्हावी लागते, म्हणून भिशीपेक्षा तेथे दाद मागण्याची सोय अधिक आहे.

स्वसहाय्य संघाचे कर्ज हा मात्र काळजीचा विषय आहे. धंद्यासाठी म्हणून संघातून उचललेले कर्ज आयडी लावण्यात गेल्याची उदाहरणे पत्रांतून वारंवार येतात. योजनेचा पैसा आला नाही तरी संघाचा हप्ता ठरल्या दिवशी द्यावाच लागतो, आणि तो चुकला तर भार संघातल्या इतर बायकांवर पडतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये ‘आयडी चालू ठेवायला’ वापरावेत का, असेही विचारले जाते. वापरू नयेत.

९. निपाणीत बायका विड्या वळतात, बेळगावच्या वडगाव-खासबागेत लोक मजुरीवर साड्या विणतात. त्यांच्याही हातात दर नसतो. मग ते स्वतंत्र व्यावसायिक की आणखी काही?

प्रश्न चांगला आहे, कारण प्रश्न १ मधील मालकीची कसोटी येथे अपुरी पडते. घरी विड्या वळणारी बाई धंदा करत नाही; ती कामगार आहे आणि कायद्यानेही तिला विडी कामगार म्हणूनच ओळखले आहे. पाने आणि तंबाखू ठेकेदार देतो आणि ती हजार विड्यांमागे मजुरी घेते. मालकाकडून सूत घेऊन मजुरीवर विणणारा यंत्रमागवाला मधल्या जागी आहे : माग त्याचा, वीजबिल त्याचे, पण साडीचा दर व्यापाऱ्याचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे सुटे भाग करून देणारे वर्कशॉपही पुष्कळ अंशी असेच चालते.

या तिघांची अडचण खरी आहे, पण ती साखळीची नाही. विडी वळायला मिळावी म्हणून कोणी आधी पंधरा हजार भरत नाही. विणकराला साडीमागे मजुरी मिळते ती साडी विणल्याबद्दल. त्याने आणखी पाच विणकर आणले म्हणून त्याला काही मिळत नाही. कामाची मागणी घटली तर त्यांना फटका बसतो, आणि तो बाजाराचा असतो.

१०. विमा एजंट, अडते आणि साड्यांचे व्हॉट्सअॅपवरचे पुनर्विक्रेते कोणत्या बाजूला येतात?

अडत्या आणि विमा एजंट कमिशनवर काम करतात, पण केवळ कमिशन असल्याने साखळी होत नाही. पॉलिसी घेणारा बाहेरचा ग्राहक असतो आणि त्याने पुढे एजंट व्हावे अशी अट नसते. व्हॉट्सअॅपवर साड्यांचे फोटो टाकून, मागणी आली की घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलून विकणे हा साधा किरकोळ धंदा आहे. प्रवेशाचा पैसा नाही, महिन्याच्या खरेदीची सक्ती नाही आणि कोणाखाली कोणी नाही, या तीन गोष्टी खऱ्या असतील तोवर काळजीचे कारण नाही. ‘ग्रुपमध्ये दहा विक्रेते जोडा आणि त्यांच्या विक्रीवर टक्केवारी घ्या’ असा संदेश आला की तो धंदा दुसऱ्या रांगेत गेला.

फ्रँचायझीबद्दलही विचारणा होते. तेथे आगाऊ रक्कम मोठी असते, पण त्या बदल्यात नाव, कृती आणि ठरावीक भागाचा हक्क मिळतो, आणि दुकानात येणारे गिऱ्हाईक पैसे देते. फ्रँचायझी देणाऱ्याची कमाई दुकाने चालण्यापेक्षा नव्या फ्रँचायझी विकण्यावरच अवलंबून दिसली, तर प्रश्न ३ चा हिशेब तेथेही लावावा.

११. स्वतःचा धंदा सुरू करायला कोणती कागदपत्रे लागतात? ती कटकट नको म्हणूनच लोक नेटवर्ककडे वळतात.

कटकट आहे, पण ऐकीव असते तेवढी नाही. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ शोधण्याचे कारण नाही. मसाला, लोणचे, कुंदा असे खाद्यपदार्थ घरी केले तरी अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. ती छोट्या उत्पादकांना सोप्या स्वरूपात मिळते. दुकान घातले तर महानगरपालिकेचा किंवा स्थानिक संस्थेचा व्यापार परवाना लागतो. फलक लावताना कर्नाटकातील २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यावर ६० टक्के कन्नड असावे लागते, हे आधीच ध्यानात ठेवले तर फलक दोनदा रंगवावा लागत नाही. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे.

१२. निपाणीत धंदा आहे आणि माल कागल-कोल्हापूरला पाठवायचा आहे. उलाढाल लहान आहे, तरी जीएसटी लागतो का?

सीमाभागातल्या लहान धंद्याला सर्वाधिक अडवणारी बाब हीच आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवल्या की मात्र ही सूट संपते आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंसारखे थोडे अपवाद आहेत. निपाणीहून कागलला पोहोचायला अर्धा तास पुरतो, पण कराच्या दृष्टीने तो आंतरराज्य व्यापार ठरतो. तोच माल कितीतरी पट दूरच्या धारवाडला पाठवला तर हा प्रश्न येत नाही.

जीएसटीची एकत्रित कर योजना, म्हणजे ‘कंपोझिशन’, घेतलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. तेव्हा ज्यांची निम्मी गिऱ्हाइके कोल्हापूरकडची आहेत, त्यांनी ही सोपी वाट निवडण्याआधी करसल्लागाराशी बोलावे. साखळीतल्या विक्रेत्यांना ‘पेपरवर्क सगळे कंपनी बघते’ असे सांगितले जाते. स्वतः माल घेऊन सीमेपलीकडे विकला तर नियम त्यांनाही हाच आहे.

१३. नेटवर्कचे कमिशन मिळाले तर आयकर कसा लागतो?

ते करपात्र उत्पन्न आहे आणि ठरावीक मर्यादेपुढे कंपनी त्यातून टीडीएस कापते. लहान व्यापाऱ्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानण्याची जी अनुमानित सवलत मिळते, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही. म्हणून खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात : प्रवास, सेमिनारचे शुल्क, स्वतः घेतलेला माल. पावत्यांची बेरीज केली की कित्येकांना पहिल्यांदाच कळते की, खात्यावर आलेल्या रकमेपेक्षा गेलेली रक्कम मोठी होती.

१४. पैसे भरून बसलो आहे. आता बाहेर कसे पडू?

करारातील माघारीची मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावे, ईमेल आणि नोंदणीकृत टपाल या दोन्ही मार्गांनी. सीलबंद माल परत घेण्याची मागणी त्याच पत्रात करावी. कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पत्र त्याच्या नावे लिहावे. तोंडी बोलण्यावर विसंबू नये, आणि ‘एक महिना थांबा, नवीन प्लॅन येतो आहे’ यावर तर अजिबात नाही.

गेलेले पैसे भरून काढण्यासाठी चार माणसे आणण्याचा सल्ला हमखास मिळतो. तसे केले तर तुमचे नुकसान दुसऱ्याच्या खिशातून भरून निघते, आणि कायद्याच्या दृष्टीने तुमची जागा तक्रारदाराकडून आरोपीकडे सरकू शकते (प्रश्न १६ पाहा).

१५. मी निपाणीत राहतो, कंपनीचे ऑफिस महाराष्ट्रात आहे. तक्रार कोणत्या राज्यात करायची?

‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. गुन्हा कोठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद स्पष्ट आहे. कर्नाटकात सायबर, आर्थिक व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र ‘सीईएन’ पोलीस ठाणी आहेत. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. दरमहा व्याज किंवा दामदुप्पट अशा आश्वासनावर ठेव घेतली असेल, तर कर्नाटकचा २००४ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आणि केंद्राचा अनियमित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ हे दोन्ही उपयोगी पडतात.

ग्राहक म्हणून दाद मागायची असेल तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कोल्हापूर किंवा पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. घरी वापरण्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार आयोगापुढे टिकेल. विक्रीसाठी घेतलेल्या पेट्यांची तक्रार त्या कारणावरून फेटाळली जाऊ शकते, आणि तेव्हा पोलीस किंवा दिवाणी न्यायालय हा मार्ग उरतो. म्हणून तक्रार लिहितानाच स्वतःच्या वापराचा माल आणि विक्रीचा माल वेगळा दाखवावा.

१६. मीच आठ-दहा जणांना जोडले आहे. योजना बेकायदेशीर निघाली तर मलाही शिक्षा होऊ शकते का?

होऊ शकते. १९७८ च्या कायद्याचे तिसरे कलम योजना चालवणाऱ्यापुरते थांबत नाही. अशा योजनेत सभासद होणे, सहभागी होणे आणि तिच्यासाठी पैसे घेणे किंवा पाठवणे यांनाही त्यात मनाई आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात वरच्या थरातील सूत्रधार आणि फसून आत आलेला शेवटच्या थरातला माणूस यांची भूमिका तपासात वेगळी काढली जाते, पण त्यासाठी तुमच्याकडे कागद हवेत : कोणाकडून किती घेतले, ते कोणत्या खात्यावर पाठवले, स्वतःला किती कमिशन आले. नवी भरती ताबडतोब थांबवावी, जोडलेल्या माणसांना लेखी कळवावे आणि व्हॉट्सअॅपवरचे जुने संदेश पुसू नयेत. वकिलाचा सल्ला पोलिसांत जाण्याआधी घ्यावा.

१७. माझे किराणा दुकान आहे. कंपनीचा माल दुकानात ठेव आणि गिऱ्हाइकांनाही जोड, असा आग्रह चालला आहे. ठेवू का?

थेट विक्रीची व्याख्याच ‘कायमच्या दुकानाशिवाय’ केलेली विक्री अशी आहे, आणि अनेक कंपन्यांच्या करारात विक्रेत्याने माल दुकानात मांडू नये असे कलम असते. आग्रह करणाऱ्याने ते कलम वाचलेले नसते किंवा वाचूनही सांगितलेले नसते. कलम मोडल्यावर आयडी तुमची बंद होते, त्याची नाही.

त्याहून व्यवहाराचा भाग असा की किराणा दुकान उधारीच्या वहीवर आणि रोजच्या येण्याजाण्यावर चालते. ज्या बाईला आज आयडी लावायला सांगितली, ती उद्या साखर घ्यायला दुसऱ्या गल्लीत जाऊ शकते. माल खरोखर चांगला वाटत असेल, तर तसाच माल नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मागवावा : दुकानदाराचा नफा सुटतो, न खपलेला माल परत देण्याचे बोलणे ओळखीवर होते, आणि गिऱ्हाइकाला फक्त गिऱ्हाईक राहू देता येते.